घटाच्या धानापासून क्यूपीसीआरपर्यंत: वनस्पतींची जनुकं कधी चालू, कधी बंद

नवरात्रात देवघरात घट बसतो. पत्रावळीवर काळी माती, तिच्यात गहू-ज्वारी, मधोमध पाझरणारा मातीचा घट. नवव्या दिवशी वीतभर उंच, हळदीच्या रंगाचं धान उभं असतं आणि दसऱ्याला ते टोपीत खोचून माणसं सीमोल्लंघनाला निघतात. त्याच पोत्यातलं धान्य शेतात पेरलं असतं तर नवव्या दिवशी ते हिरवं, आखूड आणि ताठ दिसलं असतं. बी तेच, माती तीच. देवघरात उजेड कमी, एवढाच फरक.

वनस्पतींतील जनुकांचं नियमन म्हणजे नेमकं हेच. परभणी, लातूर, छत्रपती संभाजीनगरला कृषी किंवा जैवतंत्रज्ञान शिकायला येणारी मुलं हा धडा बाणांच्या आकृत्यांसकट पाठ करतात. मीही तीन वर्षं पाठच केला होता. तो समजला मामांच्या मोसंबीच्या बागेत. म्हणून नव्या विद्यार्थ्यांना आणि जिज्ञासू शेतकऱ्यांना माझं सांगणं असतं की आधी डोळ्यांनी पाहा, मग आकृती काढा आणि प्रयोगशाळेत सगळ्यात शेवटी जा. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत.

सुरुवातीला एवढंच पक्कं करा

तुरीच्या मुळातली पेशी घ्या किंवा पाकळीतली, दोन्हींत डीएनए सारखाच असतो. तुरीचा जनुकसंच २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात ४८ हजारांहून जास्त जनुकं असावीत असा अंदाज निघाला. मुळाकडे पाकळीचा पिवळा रंग बनवण्याची कृती आहे, पण मूळ ती कधी वाचत नाही. जनुकाची नक्कल आरएनएच्या रूपात निघते आणि त्या नकलेवरून प्रथिन बनतं, याला जनुक व्यक्त होणं म्हणतात. नियमन म्हणजे चार प्रश्नांची उत्तरं: कोणतं जनुक, कुठं, कधी आणि किती. वहीच्या पहिल्या पानावर हे चार शब्द लिहा. पुढे काहीही वाचताना त्यांच्याकडे परत या.

पायरी पहिली: दोन कुंड्या

दोन कुंड्यांत वीस-वीस गव्हाचे दाणे पेरा. एक उन्हात ठेवा. दुसरीवर पुठ्ठ्याचं खोकं पालथं घाला आणि फटीतून उजेड येत नाही ना ते पाहा. दोन्हींना पाणी सारखंच. सहाव्या दिवशी सकाळी पट्टी घेऊन प्रत्येक रोपाची उंची मोजा. मग खोकं काढून टाका आणि संध्याकाळपर्यंत दर तासाला पिवळ्या रोपांचा रंग पाहून टिपत जा.

अंधारात रोप सगळी ताकद लांब होण्यात घालवतं, कारण वरती कुठंतरी उजेड असेल अशी त्याची धडपड असते. तेव्हा उंची वाढवणाऱ्या जनुकांवर पीआयएफ नावाची प्रथिनं बसलेली असतात आणि हिरवं होण्याची जनुकं चालू करणारं एचवाय-५ हे प्रथिन बनता बनता मोडून टाकलं जातं. उजेड पडला की फायटोक्रोम हे प्रकाश ओळखणारं प्रथिन आपला आकार बदलतं आणि पेशीच्या केंद्रकात शिरतं. पीआयएफ मोडीत निघतात, एचवाय-५ टिकतं आणि शेकडो जनुकांचा कल एका दिवसात फिरतो.

इथं बहुतेकांची एक गफलत होते. रंगात दिसलेला सगळाच बदल जनुकांचा नसतो. हरितद्रव्य तयार होण्याच्या शेवटच्या टप्प्यांतल्या एका विकराला (एन्झाइमला) चालायलाच उजेड लागतो. अंधारात साठलेला थोडा कच्चा माल उजेड पडताच काही मिनिटांत हिरवा होतो, तिथं नवं जनुक वाचलं गेलेलं नसतं. पुढचा गडद हिरवा रंग यायला तास लागतात, कारण त्यासाठी नवी प्रथिनं बनावी लागतात. झटपट झालेला बदल आणि सावकाश झालेला बदल वेगळे ओळखता आले, तर या विषयातली अर्धी चूक टळते.

पायरी दुसरी: पाच दारं

पैठणच्या नाथसागरात पाणी आहे म्हणून ते परभणीकडच्या शेतात आपोआप येत नाही. धरणाचं दार, मग कालव्याचं, वितरिकेचं, चारीचं आणि शेवटी बांधावरचं. एक दार बंद राहिलं तरी पीक कोरडं. जनुकापासून प्रथिनापर्यंतची वाट मी अशीच डोळ्यांसमोर ठेवतो.

पहिलं दार डीएनएच्या गुंडाळीचं. डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. गुंडाळी सैल असेल तर जनुक वाचता येतं, घट्ट असेल तर नाही. हिस्टोनवर ॲसिटिल गट लागले की गुंडाळी सैलावते. मिथाइल गट कुठं लागले त्यावर परिणाम ठरतो. थंड देशांतला हिवाळी गहू अनेक आठवडे थंडी सोसल्याशिवाय ओंबीच धरत नाही. अ‍ॅराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या झाडात तर लांबलेली थंडी फुलोरा अडवणाऱ्या एफएलसी जनुकाची गुंडाळी घट्ट करते आणि थंडी सरल्यावरही ती खूण टिकते. आपल्याकडचा गहू अशी वाट पाहत नाही. त्याच्यात ही अट आधीच गळून गेलेली आहे, म्हणून तो मराठवाड्याच्या सौम्य हिवाळ्यात येतो.

दुसरं दार प्रमोटरचं, म्हणजे जनुकाच्या अलीकडच्या डीएनएच्या तुकड्याचं. सगळ्यात जास्त हालचाल इथंच असते. या तुकड्यावर सहा-आठ अक्षरांच्या लहान खुणा असतात आणि त्या ओळखून नियामक प्रथिनं तिथं येऊन बसतात. एकट्या अ‍ॅराबिडॉप्सिसमध्ये अशी दीड हजारांहून जास्त नियामक प्रथिनं आहेत. एखादं जनुक केव्हा चालेल हे विचारायचं असेल तर जनुकाकडे बघू नका, प्रमोटरकडे बघा.

तिसरं दार नकलेचं. आरएनएची काटछाट होते आणि कधी ती नक्कल मोडूनही टाकली जाते. १९९० मध्ये पेटुनियाचं जांभळं फूल आणखी गडद व्हावं म्हणून शास्त्रज्ञांनी रंगाच्या जनुकाची जादा प्रत घातली, तर काही फुलं पांढरी आली. झाडाने जादा प्रतीबरोबर मूळ जनुकाच्या नकलाही नष्ट केल्या होत्या. लहान आरएनएंच्या साहाय्याने चालणारी ही यंत्रणा पुढे प्राण्यांतही सापडली आणि तिच्या शोधाला २००६ चं नोबेल मिळालं.

चौथं दार नकलेवरून प्रथिन बनण्याचं. पाचवं बनलेलं प्रथिन मोडण्याचं, आणि वनस्पतींचा या दारावर विशेष भर आहे. ऑक्झिन, जिब्रेलिन, जॅस्मोनेट या संजीवकांची, म्हणजे वनस्पतींच्या हार्मोन्सची, रीत सारखीच: एखादं दडपणारं प्रथिन जनुकावर पहारा देत असतं, संजीवक आलं की तो पहारेकरीच मोडीत निघतो आणि जनुक मोकळं होतं.

पायरी तिसरी: अर्धा दाणा

हे सगळं घरी दाखवणारा माझा सगळ्यात आवडता प्रयोग. गव्हाचे दाणे घ्या. ज्वारी घेऊ नका, कारण ज्वारीत पिष्ट फोडणारा अमायलेज हा विकर मुख्यतः अंकुराचाच भाग बनवतो आणि निकाल स्पष्ट येत नाही. गव्हात तो दाण्याच्या सालीखालचा पेशींचा थर बनवतो.

२०० मिलिलिटर पाण्यात ३ ग्रॅम चायना ग्रास आणि १ ग्रॅम कॉर्नफ्लोअर उकळून उथळ ताटलीत ओता आणि गोठू द्या. दाणे दहा मिनिटं पातळ ब्लीचमध्ये ठेवून उकळून गार केलेल्या पाण्याने चार-पाच वेळा धुवा. ब्लेडने आडवे कापा. टोकाकडे अंकुर असलेला अर्धा भाग वेगळा, अंकुर नसलेला वेगळा. तीन गट करा: अंकुरवाले दहा, बिनअंकुराचे दहा आणि बिनअंकुराचे पण जिब्रेलिक अ‍ॅसिडच्या पाण्यात भिजवलेले दहा. ०.००१ टक्के जिब्रेलिक अ‍ॅसिडचं तयार द्रावण कृषी सेवा केंद्रात मिळतं, ते दहापट पाणी घालून पातळ करा. एक दिवस ओल्या कागदावर भिजू द्या. मग कापलेली बाजू खाली करून ताटलीत ठेवा आणि झाकून दोन दिवस सावलीत राहू द्या.

दाणे उचलून ताटलीवर पातळ आयोडीन ओता. पोव्हिडोन आयोडीनचं औषध दहापट पाण्यात चालतं. पिष्ट असेल तिथं निळं-काळं होईल. अंकुरवाल्या दाण्यांखाली स्वच्छ गोल दिसेल, कारण तिथलं पिष्ट फुटलेलं असतं. बिनअंकुराच्या दाण्यांखाली गोल नसेल किंवा अगदी फिका असेल. दाण्यात आधीपासून असलेल्या दुसऱ्या विकराचा तो परिणाम असतो. आणि जिब्रेलिन मिळालेल्या बिनअंकुराच्या दाण्यांखाली गोल परत आलेला असेल. बुरशी आलेला दाणा मोजू नका, बुरशीही अमायलेज बनवते.

म्हणजे अंकुर स्वतः पिष्ट फोडत नाही, तो निरोप पाठवतो. निरोपाचं नाव जिब्रेलिन. सालीखालच्या थरात डेला नावाचा पहारेकरी बसलेला असतो. जिब्रेलिन येतं, डेला मोडतो, अमायलेजचं जनुक वाचलं जातं आणि दाण्यातल्या पिठाची साखर होऊन कोंब वर येतो. हरितक्रांतीतल्या बुटक्या गव्हामागे हाच डेला आहे. त्या वाणांत डेलाच्या जनुकात असा बदल आहे की जिब्रेलिन आलं तरी तो मोडत नाही. काड लांबत नाही, खत दिलं तरी पीक लोळत नाही. तुमच्या ताटलीतला गोल आणि १९६० च्या दशकापासून भारतभर पसरलेला बुटका गहू एकाच दारावरचे आहेत.

पायरी चौथी: बांधावर उभं राहून चार प्रश्न

तुरीचा शेंडा खुडणं मराठवाड्यात बरेच जण करतात. दीड-दोन महिन्यांच्या पिकाचा शेंडा खुडला की फांद्या फुटतात. का? शेंड्यातून ऑक्झिन खाली येत असतं, ते बगलेतल्या कोंबांना दाबून ठेवतं. शिवाय साखरेचा मोठा वाटा शेंडाच ओढतो. शेंडा गेला की साखर बगलेतल्या कोंबांकडे वळते, ऑक्झिनचा दाब उतरतो आणि कोंबांना झोपवून ठेवणारं बीआरसी-१ हे जनुक मंदावतं. वाटाण्यात आणि इतर झाडांत यावर चांगलं काम झालं आहे. आता चार प्रश्न लावा. कोणतं? बीआरसी-१. कुठं? फक्त बगलेच्या कोंबात, पानात नाही. कधी? शेंडा गेल्यावर. किती? कमी. उत्तर लिहिता आलं की गोष्ट समजली.

आता मोसंबी. मामांची बाग अंबड तालुक्यात. आंबे बहारासाठी ते हिवाळ्यात पाणी तोडतात. महिना-दीड महिना, जमीन भारी असेल तर आणखी जास्त. पानं मलूल होतात, काही गळतात. मग हलकं पाणी देऊन ताण तोडला की जानेवारी-फेब्रुवारीत झाड पांढऱ्या फुलांनी भरतं. मी विद्यार्थी असताना विचारलं होतं, झाडाला कसं कळतं? मामा म्हणाले, "कळत असंल म्हणूनच लागतो ना रे बहार." त्या एका वाक्याने मला वाचायला बसवलं.

संत्रा-मोसंबी वर्गात पाण्याचा ताण आणि थंडी या दोन्हींनी पानांत एफटी नावाचं जनुक जोर धरतं. त्याचं प्रथिन पानात बनतं आणि अन्नरसाबरोबर कोंबापर्यंत जातं. ते पोचलं की कोंब पालवीऐवजी कळीचा मार्ग धरतो. पानातून काहीतरी जातं हे शास्त्रज्ञांना १९३० च्या दशकापासून वाटत होतं, पण ते एफटीचं प्रथिनच आहे हे २००७ मध्ये दाखवलं गेलं. ताण कमी पडला तर एफटी पुरेसं वाढत नाही, बहार विरळ लागतो. ताण फार झाला तर झाड खचतं आणि फांद्या वाळतात. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तिच्यामागे पिढ्यान्‌पिढ्या जमवलेला हा ताणाचा अंदाज आहे आणि त्याच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

तूर आणि रब्बी ज्वारी हाच संकेत रात्रीच्या लांबीवरून घेतात. म्हणून तूर उशिरा पेरली तर बुटकी राहूनही फुलावर येते. ज्वारीत दिवस मोठा असताना फुलोरा अडवून धरणारं जनुक ओळखलं गेलं आहे. दिवस आखडले की त्याचा जोर ओसरतो.

पायरी पाचवी: प्रमोटर चुकला तर

ऑगस्टमध्ये पावसाचा खंड पडला की झाडात एबीए हे संजीवक वाढतं. ते आपल्या ग्राहक प्रथिनाला चिकटतं, मग ही जोडी पीपी२सी नावाच्या अडवणाऱ्यांना धरून ठेवते आणि पलीकडची साखळी मोकळी होऊन शेवटी नियामक प्रथिनं दुष्काळाच्या जनुकांच्या प्रमोटरवर बसतात. पर्णरंध्रं मिटतात, पेशींना जपणारी प्रथिनं बनतात. हे ग्राहक २००९ मध्ये सापडले, म्हणजे तुमच्या शिक्षकांपैकी अनेकांच्या विद्यार्थिदशेत ही साखळी अपुरी होती.

मग दुष्काळाची जनुकं कायमची चालू ठेवली तर? जपानी शास्त्रज्ञांनी ते करून पाहिलं. ड्रेब-१ए हे दुष्काळाची जनुकं चालू करणारं नियामक जनुक सतत चालणाऱ्या प्रमोटरला जोडलं, तर अ‍ॅराबिडॉप्सिसची झाडं ताण सोसू लागली पण खुरटली. १९९९ मध्ये त्यांनी तेच जनुक ताणातच चालणाऱ्या प्रमोटरला जोडलं आणि खुरटणं बरंच टळलं. चांगलं जनुक अवेळी चालू राहिलं तर त्याची किंमत पीक मोजतं. दुष्काळ सोसणाऱ्या वाणाची बातमी वाचलीत तर प्रमोटर कोणता, हा पहिला प्रश्न विचारा.

बीटी कापसाचंही तसंच. भारतात त्याला २००२ मध्ये परवानगी मिळाली. बोंडअळीला मारणारं विषारी प्रथिन बनवणाऱ्या क्राय-१एसी जनुकाला फुलकोबीच्या एका विषाणूपासून घेतलेला प्रमोटर जोडला आहे आणि तो झाडाच्या सगळ्या भागांत चालतो असं पुस्तकात लिहिलेलं असतं. चालतो, पण सारखा नाही. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या अभ्यासात पानांपेक्षा फुलातल्या बीजांडकोशात आणि हिरव्या बोंडाच्या सालीत विष खूपच कमी आढळलं आणि पीक जसं जुनं होतं तसं ते घटत जातं असं दिसलं. गुलाबी बोंडअळी नेमकी बोंडात राहते. २०१७ मध्ये मराठवाड्यात आणि विदर्भात तिने जे केलं ते आपण पाहिलं आहे. मूळ कारण अळीत आलेली प्रतिकारशक्ती, हे स्पष्ट. पण अळी जिथं खाते तिथं आणि ज्या महिन्यात खाते तेव्हा मात्रा अपुरी असेल, तर तगणाऱ्या अळ्या निवडल्या जातात. कुठं, कधी, किती हे प्रश्न इथं थेट शेतकऱ्याच्या घरापर्यंत येतात.

पायरी सहावी: प्रयोगशाळेत

जनुक किती व्यक्त झालं हे मोजायची रुळलेली पद्धत क्यूपीसीआर. पानातला आरएनए काढायचा, त्याचा डीएनए करायचा आणि हव्या त्या जनुकाच्या प्रती यंत्रात दुपटी-दुपटीने वाढवायच्या. ठरावीक पातळी जितक्या लवकर गाठली जाईल तितका मूळ आरएनए जास्त. एका फेरीचा फरक म्हणजे दुप्पट, तीन फेऱ्यांचा म्हणजे आठपट.

यंत्र क्वचितच दगा देतं, बहुतेक वेळा नमुनाच देतो. माझ्या पहिल्या प्रयोगात पाणी दिलेल्या झाडांची पानं मी सकाळी आठला तोडली आणि ताणातल्या झाडांची दुपारी दोनला, कारण मधे जेवायला गेलो. आकडे झकास आले. महिन्याभराने कळलं की मला दिसलेला फरक ताणाचा कमी आणि घड्याळाचा जास्त होता. वनस्पतींत दिवसाचं अंतर्गत घड्याळ असतं आणि हजारो जनुकं त्याच्या तालावर वर-खाली होतात. सगळे नमुने एकाच वेळी तोडा.

पान तोडताच द्रवरूप नायट्रोजनमध्ये टाका, कारण आरएनए काही मिनिटांत बदलू लागतो. शेतावर हा नायट्रोजन कसा न्यायचा हा प्रश्न असेल तर जनावरांच्या कृत्रिम रेतनाचं काम करणाऱ्यांना विचारा, ते त्याची भांडी रोज वाहतात. नंतर नमुने उणे ८० अंशांवर. आपल्याकडे वीज जाते, म्हणून फ्रीझरला जनरेटरची जोड आहे का हे नमुने ठेवण्याआधीच पाहून घ्या.

कापसाच्या पानांत फिनॉलं भरपूर असतात, त्यामुळे नेहमीच्या किटने आरएनए तपकिरी येतो. तिथं सीटॅब या साबणासारख्या रसायनाची पद्धत वापरा आणि फिनॉलं धरून ठेवणारं पीव्हीपी घाला. शुद्धता मोजताना २६० आणि २८० नॅनोमीटरचं गुणोत्तर २ च्या आसपास हवं. उरलेला डीएनए डीएनएज या डीएनए तोडणाऱ्या विकराने काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. तुलनेसाठी न बदलणारी किमान दोन जनुकं घ्या आणि ती तुमच्या पिकात, तुमच्या ताणात खरोखर स्थिर आहेत का ते स्वतः तपासा. तुलनेसाठी नेहमी घेतलं जाणारं अ‍ॅक्टिनचं जनुकही दुष्काळात हलू शकतं. एकाच झाडाचा नमुना तीनदा मोजणं म्हणजे तीन झाडं नव्हेत. झाडं तीन हवीत, तीही किमान. आणि आरएनए वाढला म्हणून प्रथिन वाढलंच असं लिहू नका, चौथं आणि पाचवं दार अजून मधे आहे.

पहिल्या प्रयोगासाठी माझा आराखडा हा: तुरीची दोन वाणं, लवकर येणारं बीडीएन-७११ आणि उशिरा येणारं बीएसएमआर-७३६. दोन्ही काळ्या मातीच्या कुंड्यांत. निम्म्यांना रोज पाणी, निम्म्यांचं बंद. पाणी तोडल्यापासून तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या दिवशी सकाळी नऊ वाजता, वरून तिसरं पूर्ण उमललेलं पान. प्रत्येक वेळी प्रत्येक गटातली तीन झाडं, म्हणजे ३६ नळ्या. प्रत्येक नळीवर वाण, पाणी की ताण, दिवस, झाडाचा क्रमांक आणि वेळ. हे सगळं नायट्रोजन आणण्याच्या आदल्या संध्याकाळीच लिहून ठेवा, सकाळी नऊला हात मोकळे लागतात.